कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

ताई, नमस्कार.

मी सांगलीची, वय 27. दिवसा पतसंस्थेत काउंटरवर असते, रात्री लिहिते. आमचा आठ जणांचा हौशी ग्रुप आहे. यंदा माझं दोन अंकी विनोदी नाटक बसवायचं ठरलंय. गोष्ट एका मंगल कार्यालयाच्या मॅनेजरची. पन्नाशी उलटलेला, बायको वारलेली, एकुलत्या एका मुलीनं त्याला न सांगता रजिस्टर लग्न केलं म्हणून सहा वर्षं तिच्याशी अबोला. मे महिन्यातलं एक गर्दीचं लग्न पार पाडून तो रात्री ऑफिसातल्या कॉटवर आडवा होतो आणि सकाळी उठतो तर तेच लग्न, तेच वऱ्हाड, तोच 12 वाजून 35 मिनिटांचा मुहूर्त. रोज.

पहिल्या वाचनाला सगळे पोट धरून हसले. मग एकजण म्हणाला, "अगं, हा तर 'ग्राउंडहॉग डे'!" दुसरी म्हणाली, लग्नात अडकलेली माणसं 'पाम स्प्रिंग्स'मध्ये येऊन गेली. तिसऱ्यानं 'भूल चूक माफ'चं नाव काढलं, त्यात तर हळदीचा दिवसच पुन्हा पुन्हा येतो. तेव्हापासून मला आपण उष्टं वाढतोय असं वाटतंय. दुसरा अंक अडलाय. तेच तेच होतं, लिहिताना मलाच कंटाळा येतो. शिवाय तो अडकला कशामुळे, हे सांगायचं की नाही यावर ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात कारण द्यायलाच हवं, शाप दाखवू नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. सोडून देऊ का हे नाटक? पहिला अंक सोबत पाठवतेय.

एक लिहिणारी, सांगली


प्रिय लिहिणारी,

सोडू नकोस. पहिला अंक मी दोनदा वाचला. आचारी आणि नवऱ्या मुलाची आत्या यांचं मठ्ठ्यावरून जे जुंपतं, ते मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ऐकणारे हातातलं काम टाकून बसले. असं लिहिणाऱ्या मुलीनं हे नाटक अर्धवट ठेवलं तर मला फार वाईट वाटेल.

आधी उष्ट्याचं बोलू. लहानपणी तुलाही कुणीतरी छळलं असेलच. "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "सांग." "सांग काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "नको." "नको काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" माझा मामा यात पटाईत होता. पहिल्या तीन-चार वेळा आम्ही खिदळायचो. मग चिडायचो. मग शहाणपणा करून तोंड घट्ट मिटायचो, तर "गप्प काय बसतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" कुठलंही उत्तर दिलं तरी पहिले पाढे पंचावन्न. रडकुंडीला आल्यावर आजी सोडवायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच फास मी धाकट्या भावाच्या गळ्यात घालायचे. आधी हसू, मग चीड, मग युक्त्या, मग हात टेकणं आणि शेवटी दुसऱ्याला आत ओढणं. एकाच दिवसात अडकलेल्या माणसांचे जेवढे विनोदी सिनेमे मी पाहिलेत, त्यांची सगळी चढण या एका खेळात आहे. हा खेळ कुणी रचला ते तू विचारत नाहीस, मीही विचारत नाही. तो सगळ्यांचा आहे.

आता तुझ्या मित्रानं ज्याचं नाव घेतलं तो 'ग्राउंडहॉग डे'. 1993 च्या फेब्रुवारीत तो आला. मूळ कल्पना डॅनी रुबिन यांची, पटकथा त्यांची आणि दिग्दर्शक हॅरोल्ड रॅमिस यांची मिळून, आणि हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या फिल कॉनर्सच्या भूमिकेत बिल मरे. बिळातून काढलेल्या ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्याला आपली सावली दिसली तर हिवाळा आणखी 6 आठवडे, असा पेन्सिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावाचा 2 फेब्रुवारीचा सोहळा. फिल तिथे नाखुशीनं येतो आणि त्या तारखेतच अडकतो. पण एकाच वेळेत अडकलेला माणूस त्याच्याही आधी होता. रिचर्ड लुपॉफ यांनी 1973 साली एक कथा लिहिली होती. तिच्यातला माणूस दुपारी 12 वाजून 1 मिनिटापासून 1 वाजेपर्यंतच्या तासात अडकलेला असतो. 1990 मध्ये त्या कथेवर लघुपट झाला, त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. मग 'ग्राउंडहॉग डे' आला तेव्हा लुपॉफ यांना आपली कल्पना उचलली गेली असं वाटलं. सहा महिने वकिलांच्या बैठका झाल्या, मनस्ताप झाला, शेवटी त्यांनी तो विषय सोडला. त्यांचं दुःख खरं होतं, ते मी हलकं करणार नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून बघ. लुपॉफ यांच्या कथेत भीती आहे, गुदमरणं आहे. रुबिन आणि रॅमिस यांच्या सिनेमात एक घमेंडखोर माणूस हळूहळू माणसात येतो. सापळा तोच असला तरी आतला जीव वेगळा आहे.

आपल्याकडच्या कायद्याचाही एक निकाल तुझ्या मित्रांना सांग, आणि तो नाटकवाल्याचाच आहे म्हणून जास्त जवळचा वाटेल. आर. जी. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक लिहिलं होतं, 1954 साली दिल्लीत त्याचे प्रयोग झाले. शेजारी राहणारी एक पंजाबी आणि एक मद्रासी कुटुंबं, त्यांच्या मुलांचं प्रेम, आणि प्रांताप्रांतातली अढी. 1956 मध्ये 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आला आणि आनंद यांना तो आपल्या नाटकाची नक्कल वाटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1978 मध्ये न्यायालयानं सांगितलं की कल्पना, विषय, सूत्र, कथाबीज यांवर कुणाचा मालकी हक्क नसतो. हक्क असतो तो ती कल्पना लेखकानं ज्या रीतीनं मांडली, रचली, त्यावर. सिनेमानं नाटकापलीकडे घर भाड्यानं देताना होणारा भेदभाव आणि हुंडा हेही विषय घेतले होते, आणि एकूण मांडणी निराळी ठरली. आनंद हरले. तेव्हा "तोच दिवस पुन्हा" ही कुणाच्या सातबाऱ्यावरची जमीन नाही. मठ्ठ्यावरून भांडणारी आत्या मात्र तुझी आहे, तिला कुणी उचलून नेलं तर माझ्याकडे ये.

आणि तू सांगलीची आहेस! 1843 साली विष्णुदास भाव्यांनी तुझ्याच गावात 'सीता स्वयंवर' केलं. धनुष्य कोण मोडणार, माळ कुणाच्या गळ्यात पडणार, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी लोक आले. ठाऊक असलेलं पुन्हा बघायला माणूस येतो, कारण या वेळी ते कसं घडतं ते त्याला बघायचं असतं. आपल्या नाटकाची सुरुवातच अशी झाली, आणि तीही एका लग्नानं. त्या गावात बसून तुला लग्नाची गोष्ट पुन्हा सांगायची लाज कशाला वाटावी?

या सिनेमांचा पुढच्यांवर काय परिणाम झाला, ते तुला लेखिका म्हणून समजून घ्यायला हवं, कारण त्यातून तुझं काम सोपं होतं. रुबिन यांच्या मूळ पटकथेत गोष्ट मधूनच सुरू होत होती. फिल आधीच कित्येक वर्षं अडकलेला, समोरचा माणूस पुढचं वाक्य काय बोलणार ते त्याला पाठ, आणि प्रेक्षक चक्रावलेला. सिनेमा करताना ते बदललं. आधी एक साधा दिवस पूर्ण दाखवायचा, मग तो पुन्हा उगवायचा, असं ठरलं. घड्याळाचे आकडे 5:59 वरून 6:00 वर पडतात, रेडिओवर सॉनी आणि शेर यांचं तेच गाणं लागतं, आणि आपण फिलच्या बरोबरीनं दचकतो. त्या वेळच्या प्रेक्षकासाठी ते बरोबरच होतं. पण 27 वर्षांनी, 2020 साली 'पाम स्प्रिंग्स' आला तो थेट मधून सुरू होतो. नवरदेव-नवरी ओळखायच्या आधी आपल्याला कळतं की हा आळसावलेला, हातात बिअरचा कॅन घेऊन फिरणारा नाइल्स इथे फार काळापासून आहे. कुणी काही समजावून सांगत नाही. समजावून सांगायची गरजच उरलेली नसते, कारण मधल्या काळात जगभरच्या प्रेक्षकाला ही चाल पाठ झाली. म्हणून तुझ्या पहिल्या अंकातली ती साडेतीन पानं, जिथे मॅनेजर गुरुजींना, मग फोटोग्राफरला, मग वॉचमनला "मी अडकलोय" हे समजावतो, ती काढून टाक. सांगलीचा प्रेक्षक अर्ध्या मिनिटात ओळखेल. ज्यानं एकही सिनेमा पाहिला नसेल, त्यानं कापूसकोंडा ऐकलेला असेल.

ही चाल विनोदी सिनेमातून निघून बाकी सगळीकडे पसरली. 2014 चा 'एज ऑफ टुमॉरो' युद्धपट आहे, हिरोशी साकुराझाका यांच्या 2004 च्या जपानी कादंबरीवरचा. त्यात टॉम क्रूझ भित्रा अधिकारी आहे, रोज मरतो आणि रोज जागा होतो. पण त्याच्या मरणाला ज्या झटक्यानं कात्री लावली आहे ती विनोदाची कात्री आहे, थिएटर हसतं. 2017 च्या 'हॅपी डेथ डे'त वाढदिवसाच्या दिवशी रोज खून होणारी मुलगी आहे. शेवटी तिचा मित्र म्हणतो की हे सगळं 'ग्राउंडहॉग डे'सारखं झालं, तर तिनं तो पाहिलेलाच नसतो, बिल मरे कोण हेही तिला माहीत नसतं. बघ, ऋण लपवलं नाही, तोंडावर घेतलं आणि पुढे गेले. तुझ्या नाटकात करवलीच्या तोंडी एखादं असं वाक्य आलं तरी चालेल. आपल्याकडे 2021 मध्ये तमिळमध्ये 'मानाडु' झाला. त्यात नायकाबरोबर खलनायकही त्याच फेऱ्यात येतो आणि मग दोघांचा डाव रंगतो, ही भर मला फार आवडली.

पण तू बघच असं मी ज्यांच्याबद्दल सांगेन ते दोन जपानी सिनेमे आहेत, दोन्ही लहान खर्चाचे. एक 2022 चा 'मंडेज', टोकियोतल्या एका छोट्या जाहिरात कंपनीतला. सगळं ऑफिस एकाच आठवड्यात अडकलंय, पण ते फक्त दोन कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलंय. साहेबांना थेट जाऊन सांगायची सोय नाही. म्हणून ते आधी आपल्या वरच्याला पटवतात, मग त्याच्या वरच्याला, अशी एकेक पायरी चढत साहेबांपर्यंत जातात, आणि आठवडा संपला की नव्यानं कामाला लागतात. पतसंस्थेत काउंटरवर बसणाऱ्या मुलीला यातली गंमत मी काय सांगावी! त्यांनी चाल बाहेरून आणलेली आहे, पण विनोद त्यांच्या ऑफिसच्या रीतीतून उगवलाय. दुसरा 2023 चा 'रिव्हर'. क्योटोजवळच्या किबुने इथल्या जुन्या सराईत सगळेच दोन मिनिटांत अडकतात. स्वयंपाकी, मालकीण, पाहुणे, सगळ्यांना मागचं आठवतं. दर दोन मिनिटांचा फेरा एका सलग दृश्यात घेतलाय. करणारी मंडळी एका नाटक कंपनीतली आहेत, आणि ते जाणवतं. धावत जिने चढायचे, वाक्य बोलायचं, तेवढ्यात वेळ संपते आणि नायिका पुन्हा नदीकाठी उभी. हे रंगमंचावर जमण्यासारखं आहे, तुमच्या आठ जणांना जमण्यासारखं आहे.

आता खरी अडचण, दुसरा अंक. तेच तेच होतंय म्हणतेस. मला वाटतं तुझा मॅनेजर दर फेऱ्यात हुशार होतोय, एवढंच होतंय. चोर पकडतो, मठ्ठा वेळेत आणतो, रुसलेल्या व्याह्यांना आधीच जिलबी नेऊन देतो. दोन-तीन फेऱ्यांत हसू येतं, मग प्रेक्षक त्याच्यापुढे धावायला लागतो. 'ग्राउंडहॉग डे'मध्ये हा धोका कुठे ओळखला आहे, ते एका प्रसंगावरून सांगते.

फिलला त्याची सहकारी रीटा हवी आहे. तो रोज तिच्याबद्दल एकेक गोष्ट काढून घेतो. तिला कुठलं पेय आवडतं, ती कशासाठी ग्लास उंचावते, कॉलेजात काय शिकली. फ्रेंच कविता शिकली म्हणते तेव्हा आधी तो खो खो हसतो, आणि पुढच्या फेऱ्यात फ्रेंच ओळी म्हणतो. मग एका संध्याकाळी बर्फात दोघं बाहुला करत असतात, गावातली पोरं बर्फाचे गोळे मारतात, यांचीही मारामारी जुंपते, आणि दोघं हसत हसत बर्फात पडतात. ती संध्याकाळ खरीच सुंदर आहे. रीटा त्या रात्री त्याच्याकडे थांबत नाही, ठीक आहे, पुढच्या दिवशी तो पुन्हा तेच करायला बघतो. तेच गोळे, तीच पोरं, तेच पडणं. पण आता तो घाईत आहे. पोरांना ओरडून ओरडून उत्साह आणतोय, पडायच्या जागेवर मुद्दाम पडतोय, आणि रीटाच्या चेहऱ्यावर एक शंका येते. प्रसंग तोच आहे आणि सगळं मेलंय. पुढे थपडांची रांग लागते, रात्रीमागून रात्र, आणि आपण हसतो. पण तो बर्फातला दुसरा प्रसंग मी इतक्या वर्षांत विसरले नाही. सगळी उत्तरं पाठ असलेला माणूस तिथे नापास होतो, कारण त्याला जे हवंय ते पाठांतरानं मिळत नाही.

पुढे त्याच सिनेमात एक म्हातारा भिकारी आहे, तो रोज त्या थंडीत मरतो. फिल त्याला दवाखान्यात नेतो, गरम सूप पाजतो, रस्त्यात तोंडानं श्वास देतो. तो मरतोच. विनोदी सिनेमात हे ठेवायला हिंमत लागते. तिथून फिल बदलतो.

तुझ्या मॅनेजरसाठी ती गोष्ट कुठली, जी हजार फेऱ्यांतही हुशारीनं मिळणार नाही? मी शोधत बसले नाही, तूच पहिल्या अंकात लिहून ठेवली आहेस आणि विसरलीस. पान 9. सकाळी 7:40 ला त्याचा फोन वाजतो. तो स्क्रीनकडे बघतो, मुलीचं नाव असतं. तेवढ्यात आचारी ओरडतो की सिलिंडर संपला, आणि तो फोन तसाच वाजत खिशात टाकतो. सहा वर्षांच्या अबोल्यानंतर मुलीनं केलेला फोन! त्यानंतर 40 पानांत तिचा उल्लेख नाही. तू तो प्रसंग मॅनेजर किती गडबडीत आहे हे दाखवायला लिहिलास. पण नाटक तिथे आहे.

आता विचार कर. दुसऱ्या दिवशी 7:40 ला पुन्हा तो फोन वाजणार. तो काय करेल? पहिले काही दिवस चिडून कापेल. मग उत्सुकतेनं घेईल आणि पहिल्याच वाक्याला तडकेल. मग वाक्यं पाठ करेल. काल ती कुठल्या शब्दाला दुखावली ते आज टाळेल, परवा कुठल्या आठवणीला विरघळली ती आज मुद्दाम काढेल. आणि मुलगी, जिला कालचं काही आठवत नाही, तिला बापाच्या आवाजात काहीतरी शिजवलेलं लागेल. "बाबा, तुम्ही वाचून बोलताय का?" एवढंच म्हणून ती फोन ठेवेल. तिकडे हॉलमध्ये जिलबी, मठ्ठा, व्याही सगळं त्याच्या मुठीत, आणि इकडे ही चार मिनिटं रोज हातातून जातात. आता प्रेक्षक त्याच्यापुढे धावू शकणार नाही, कारण इथे काय केलं की जमेल हे प्रेक्षकालाही ठाऊक नाही. लग्नाची धमाल कमी करू नकोस, उलट वाढव. ती जितकी वाढेल तितका तो फोन एकटा पडेल.

त्यासाठी तुला तो दिवस मात्र घट्ट बांधावा लागेल. नाटक लिहायच्या आधी एका वहीत फक्त त्या कार्यालयाचा दिवस लिही, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत, कुठलीही गंमत न आणता. पाण्याचा टँकर किती वाजता येतो, वधूपक्षाच्या खोलीची किल्ली कुणाकडे हरवते, रुखवत मांडताना काय फुटतं, दिवे किती वाजता जातात आणि जनरेटर धडधडायला किती वेळ लागतो. खऱ्या कार्यालयात जाऊन एक दिवस बस. यातल्या पाच-सहा गोष्टी अशा निवड, ज्या दर फेऱ्यात त्याच मिनिटाला होणारच. पुन्हा दाखवताना पूर्ण दाखवू नकोस. पंक्सटॉनीच्या रस्त्यावर पाण्याचं एक डबकं आहे, पहिल्यांदा फिलचा पाय त्यात पडतो. पुढे त्यानं नुसती टांग उचलली तरी आपल्याला आख्खा दिवस कळतो. (चित्रीकरण इलिनॉयमधल्या वुडस्टॉक गावी झालं, त्या जागी आता पाटी बसवलेली आहे.) तुझ्या नाटकात जनरेटरचा आवाज पुरे. तो धडधडला की प्रेक्षकच म्हणायला हवा, आता आत्या येणार.

अडकण्याचं कारण द्यायचं का? माझं मत स्पष्ट आहे, देऊ नकोस. 'ग्राउंडहॉग डे'च्या एका मसुद्यात फिलच्या जुन्या मैत्रिणीनं दिलेला शाप होता, स्टुडिओला कारण हवं होतं म्हणून. तो चित्रितच झाला नाही, आणि सिनेमा वाचला. कारण नसल्यामुळेच तो प्रत्येकाचा झाला. बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, योगसाधना करणारे, मनोविश्लेषक, सगळ्यांकडून रॅमिस यांना पत्रं आली की हा आमचाच विचार तुम्ही मांडलात. शाप ठेवला असता तर ती फक्त एका मैत्रिणीच्या रागाची गोष्ट उरली असती. 'पाम स्प्रिंग्स'मध्ये नाइल्सबरोबर अडकलेली सारा पदार्थविज्ञान शिकून बाहेर पडायची वाट काढते. तिची जिद्द मला आवडते, पण सिनेमाचा तो भाग मला सगळ्यात कमी आवडतो, कारण तिथे मन बाजूला पडून गणित पुढे येतं. 'भूल चूक माफ'ची गोष्ट वेगळी. वाराणसीतला तो मुलगा शंकराला नवस बोलतो, सत्कर्म करीन म्हणतो आणि विसरतो. तिथे कारण शोभतं, कारण ते त्या गावच्या श्रद्धेतून आलंय आणि त्याच्या चुकीलाच जोडलेलं आहे. तुमच्या ग्रुपचं भिंतीवरचं घड्याळ कशालाच जोडलेलं नाही. काढून टाका.

एक गोष्ट तुला रंगभूमीची म्हणून सांगते, सिनेमावाल्यांकडे ती नाही. मी एका नाटकात चार वर्षं प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसले. रोज तीच एंट्री, तोच चहाचा रिकामा कप, तेच "आलात का?" शंभराव्या वेळी मला वाटलं होतं आता यात काही उरलं नाही. मग एका रात्री मुख्य नटी ते "आलात का?" म्हणताना कपाकडे बघत राहिली, नवऱ्याकडे बघितलंच नाही, आणि सगळं थिएटर गार पडलं. शब्द तेच होते. आपण प्रत्येक वेळेला 'प्रयोग' म्हणतो ते किती बरोबर आहे हे मला त्या दिवशी कळलं. तुझा मॅनेजर ज्यात अडकलाय ते तुझे नट रोज करणार आहेत. त्यांना ते सांग, तालमीत त्याचा उपयोग होईल.

आणि तुझा मॅनेजर ज्या कार्यालयात उभा आहे तिथे रोज 12:35 ला एक शब्द मोठ्यानं म्हटला जातो. शुभमंगल सावधान. समर्थ रामदासांची गोष्ट तू लहानपणी ऐकली असशील, ते 'सावधान' ऐकलं आणि बोहल्यावरून निघून गेले. तुझ्या माणसानं तो शब्द नोकरीच्या किती वर्षांत किती हजार वेळा ऐकला असेल, अक्षतांचं ताट फिरवता फिरवता, आचाऱ्याला खुणा करता करता. सगळ्यांच्या मुलींच्या लग्नात तो हजर होता, स्वतःच्या मुलीच्या लग्नात तो शब्द त्याच्या कानावर पडलाच नाही. एखाद्या फेऱ्यात, पंधराव्या असेल किंवा चारशेव्या, त्याला तो ऐकू येऊ दे. तो काही बोलायला नको. अक्षता टाकायला उचललेला हात तसाच राहिला तरी पुरे.

शेवट कसा करायचा, तो सुटतो का, उद्याची सकाळ उगवते का, हे मला आत्ता विचारू नकोस, आणि तूही ठरवू नकोस. आधी एवढं लिही: दुसरी सकाळ, 7:40, फोन वाजतोय, पडद्यामागून आचारी सिलिंडरसाठी हाका मारतोय, आणि या वेळी तो फोन उचलतो. ती पलीकडून पहिलं वाक्य काय म्हणते? सहा वर्षांनी तिनं नेमका आजच फोन का केलाय? हे तुला कळलं की ती चार मिनिटं लिहून मला पाठव. मी वाट बघते.

तुझी,
ताई